सिमेंटची वजने, घरची तालीम

ज्या बंगळूर शहरात के. व्ही. अय्यर यांनी हर्क्युलिस व्यायामशाळा चालवून, 1930 साली ‘मसल कल्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून आणि टपालाने पाठ देऊन बलोपासना घरोघर पोहोचवली, तेथील भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुणाने महागड्या साधनांअभावी व्यायाम तहकूब ठेवावा, हे मला मुळीच मान्य नाही. रंगाचा रिकामा 5 लिटरचा डबा काँक्रीटने भरला, तर सुमारे 12 किलोंचे वजन सिद्ध होते; नवशिक्याने मात्र 1 लिटरच्या डब्यापासून, म्हणजे जेमतेम अडीच किलोंपासून आरंभ करावा. लोखंडी नळीच्या टोकाशी आडवा बोल्ट बसवूनच ती ओल्या मिश्रणात रोवावी, अन्यथा पुढे ती हमखास निसटते. आठवडाभर पाणी मारावे, आणि काँक्रीटला पुरते बळ येण्यास 28 दिवस लागतात, हे ध्यानी घेऊन उतावीळपणा टाळावा. नळीच्या दुसऱ्या टोकाचा डबा पहिला घट्ट झाल्यावरच भरावा.