दोन मिलिमीटरची फट

फर्स्ट इयरला मिनी ड्राफ्टर लावून रात्र रात्र शीट काढणाऱ्यांना एक सुख होतं, ते तेव्हा कळलं नाही. कागदावर दोन रेषा कोपऱ्यात भेटलेल्या दिसल्या की सर टिक करायचे, विषय संपला. कॅडमध्ये मात्र दिसणं वेगळं आणि असणं वेगळं.

हे मला कळलं विक्रोळीला, घरी. आम्ही कन्नमवार नगरचे. म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून तिथे टॉवर उठताहेत आणि आमच्या सोसायटीतही बोलणी चालू आहेत. दिवाळीच्या सुट्टीत सेक्रेटरी काकांनी पेन ड्राईव्ह हातात ठेवला. "इंजिनिअरिंगला आहेस ना? आपल्या मजल्याचं कार्पेट काढून दे बघू." (ब्रँच कुठली हे काका विचारत नाहीत. इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर!)

फाईल म्हणजे जुन्या अमोनिया प्रिंटवरून कुणीतरी ट्रेस केलेला प्लॅन. मी आमच्या हॉलच्या रेषेवर क्लिक करून एरिया विचारला. उत्तर आलं १२.०० चौरस मीटर. ४ बाय ३ ची खोली, म्हणजे बरोबर. मागून आई म्हणाली, "आणि माझं कपाट?"

हॉलच्या मागच्या भिंतीत १.२ बाय ०.९ मीटरचा कोनाडा आहे, कपाट त्यात असतं. प्लॅनमध्ये तो दिसत होता, पण हिशेबात नव्हता. झूम करत गेलो तेव्हा कोनाड्याच्या तोंडाशी दोन्ही कोपऱ्यांत दोन-दोन मिलिमीटरच्या फटी सापडल्या. त्यामुळे खोलीची पॉलीलाईन तिथे तुटली होती आणि कोनाड्याच्या तीन रेषा सुट्या पडल्या होत्या. उघड्या आकृतीत हॅच भरायला गेलं तर ऑटोकॅड निदान कुरकुर करतं. एरिया कमांड कुरकुरही करत नाही. ती शेवटच्या टोकापासून पहिल्या टोकापर्यंत मनातल्या मनात सरळ रेष ओढते आणि क्षेत्रफळ सांगून मोकळी होते. आमच्या घरात ही रेष नेमकी कपाटाच्या दारावरून गेली.

गेले १.०८ चौरस मीटर, म्हणजे साडेअकरा चौरस फूट. यात काय एवढं, असं वाटेल. पण मुंबईच्या २०१८ साली लागू झालेल्या विकास नियंत्रण नियमावलीत (डीसीपीआर २०३४) म्हाडा वसाहतींसाठी ३३(५) हा नियम आहे. त्यात रहिवाशाचा मूळ हक्क जुन्या कार्पेटच्या १.३५ पट धरला आहे, किमान ३५ चौरस मीटर. किमान मर्यादेच्या वर असलेल्या घराचे साडेअकरा फूट बुडाले तर नव्या घरात पावणेसोळा बुडतात. मुंबईत पावणेसोळा चौरस फुटांत काय काय मावतं, ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको.

आता या फटी येतात कुठून? ओस्नॅप बंद ठेवून नजरेने काढलेल्या रेषा, फूट-इंचांचं मिलिमीटर करताना झालेलं राउंडिंग, स्कॅनवरून ट्रेसिंग. एकदोन असतील तर फिलेट कमांडला शून्य त्रिज्या देऊन हाताने मिटवता येतात. आमच्या मजल्याच्या फाईलमध्ये शेकडो रेषा होत्या, म्हणून छोटा प्रोग्रॅम लिहायला बसलो. डीएक्सएफ फाईल साधा टेक्स्ट असते. लाईनच्या एका टोकाचे एक्स-वाय १० आणि २० या कोडखाली, दुसऱ्याचे ११ आणि २१ खाली. तेवढंच वाचायचं.

प्रत्येक टोक दुसऱ्या प्रत्येक टोकाशी ताडून पाहणं हा भोळा मार्ग. ५,००० रेषा म्हणजे १०,००० टोकं, जोड्या झाल्या जवळजवळ ५ कोटी. त्यापेक्षा प्लॅनवर टॉलरन्सएवढ्या चौकटींची जाळी टाकायची आणि टोकाचे शेजारी फक्त त्याच्या चौकटीत आणि भोवतालच्या आठांत शोधायचे. भोवतालच्या आठ विसरू नका. मी विसरलो होतो, आणि चौकटीच्या सीमेवरच्या फटी तशाच राहिल्या.

जवळची टोकं एक केली की प्रत्येक बिंदूला किती रेषा येतात ते मोजायचं. दोन आल्या तर साखळी पुढे चालू. तीन किंवा जास्त म्हणजे भिंतीला भिंत मिळते आहे. एकच आली तर सुटं टोक. (एकावर एक काढलेल्या डुप्लिकेट रेषा आधी ओव्हरकिलने उडवा, नाहीतर ही मोजणी खोटं बोलते.) कधी सुटं टोक दुसऱ्या रेषेच्या मधोमध येऊन टेकलेलं असतं. तिथे ती रेष तोडून दोन कराव्या लागतात.

खरी गोची टॉलरन्सची. १ मिमी ठेवला तर फटी तशाच. २० मिमी ठेवला तर भिंतीची रेष आणि १२ मिमीवरची गिलाव्याची रेष दाराच्या चौकटीशी एकमेकींत मिसळतात. १२० ठेवलात तर साडेचार इंची भिंतीच्या दोन्ही बाजू कोपऱ्यात चिकटून भिंतच गायब! त्यात आणखी एक खोड. 'अ' टोक 'ब'जवळ, 'ब' 'क'जवळ, म्हणून तिन्ही एक केली तर 'अ' आणि 'क' टॉलरन्सच्या बाहेर असूनही जोडले जातात. म्हणून दोन्ही टोकं एकमेकांची सर्वात जवळची असतील तरच जोडायचं, हा नियम मी ठेवला. ५ मिमीवर काम झालं.

ऑटोकॅडच्या पीएडिटमध्ये मल्टिपल, जॉईन आणि फझ डिस्टन्स देऊन हेच बरंचसं होतं. पण तिथे 'एक्स्टेंड' निवडा. 'अ‍ॅड' निवडलं तर फटीत तिरका तुकडा बसतो आणि काटकोन मोडतो.

दाराचं काय? ९०० मिमीची मोकळी जागा ही फट नव्हे, ते दारच आहे. ते टॉलरन्सने कधीही बुजवू नये. समोरासमोरची टोकं एका रेषेत असतील आणि जवळ तेवढ्याच त्रिज्येचा दाराचा आर्क असेल, तरच माझा प्रोग्रॅम उंबऱ्याची रेष वेगळ्या लेअरवर काढतो. जिथे खात्री नाही तिथे काहीही न जोडता लाल गोल करतो. आमच्या मजल्यावर असे सात लाल गोल आले. त्यांपैकी चार नुसत्या फटी निघाल्या, दोन दारं आणि एक मोरीचा ओटा. हे सांगायला बाबा आणि मी टेप घेऊन शेजाऱ्यांच्या घरात फिरलो, तेव्हा कळलं.

हॉल आता १३.०८ चौरस मीटर येतो. काकांनी उरलेल्या तीन मजल्यांच्या फाईलीही दिल्या आहेत. सबमिशन आटोपलं की बसायचंय.