राईस मिलची राख पऱ्ह्यांना

आमच्या दिघोरीकडे रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेली पाठ बहुतेक बाईचीच असते. मग पऱ्ह्यांना काय घालायचं, हेही बाईला माहीत असावं, असं आम्हां बचत गटातल्या बायकांना वाटतं. आज बोलू या राईस मिलच्या राखेबद्दल.

एक क्विंटल धान भरडला की साधारण २० किलो तूस निघतं. ते भट्टीत जळालं की चारेक किलो राख उरते. मिलमागे तिचे ढीग लागतात आणि वारा सुटला की ती डोळ्यांत जाते. पण या राखेचा बहुतांश भाग सिलिका असतो. ती धानानंच आपल्या जमिनीतून उचललेली. धानाचं पीक नत्रापेक्षाही जास्त सिलिकॉन घेतं. त्यानं खोड ताठ राहतं, पान राठ होतं, करपा आणि खोडकिडा यांना सहज शिरकाव मिळत नाही. आपण मात्र धानासोबत हे सगळं मिलवर सोडून येतो!

डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीचं पहिलं सूत्र हेच आहे, की भाताचं उरलंसुरलं भातालाच परत द्यायचं. पऱ्हे टाकण्याआधी वाफ्याच्या दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख वरच्या मातीत मिसळायची. म्हणजे दहा मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला पाच ते दहा किलो.

राख काळी हवी. खूप तापून पांढरी झालेली राख मातीत लवकर विरघळत नाही. मिलमध्ये तुसासोबत कोळसाही जाळतात का, हे आधी विचारा. कोळशाच्या राखेत जड धातू असू शकतात, ती आम्ही घेत नाही. राख भरताना तिच्यावर पाणी शिंपडा, नाकातोंडाला पदर बांधा. ही बारीक धूळ फुप्फुसाला वाईट.

राखेत नत्र नसतं, ते जळून जातं. त्यामुळे शेणखत बंद करू नका. युरिया राखेत कालवू नका, त्यातलं नत्र हवेत उडतं. राख अल्कधर्मी असते, म्हणून जमीन चोपण असेल तर आधी माती तपासून घ्या. साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारता येईल.

यंदा एका वाफ्याला राख घाला, शेजारचा तसाच ठेवा, मध्ये काडी रोवा. पऱ्हे उपटताना दोन्हीकडची मूठ हातात घेऊन बघा.