धुळ्याहून अमेरिकेला : विमानतळावरच्या तपासणीची तयारी

पासपोर्टवर विद्यार्थी-व्हिसा आला की सगळं पार पडल्यासारखं वाटतं. पण व्हिसा आपल्याला अमेरिकेच्या विमानतळापर्यंतच नेतो. देशात प्रवेश द्यायचा की नाही, हे तिथला सीमा-अधिकारी ठरवतो. म्हणून तयारी धुळ्यातूनच करायची.

सगळ्यात आधी आय-२० पाहा. हा विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा सरकारी नमुन्यातला कागद. त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, कुठे वडिलांचं नाव गळतं, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. चूक दिसली तर निघण्यापूर्वीच विद्यापीठाकडून दुरुस्त करून घ्या. आय-२०वर आपली सही राहिली नाही ना, तेही बघा.

तिकीट काढताना आय-२०वरची अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख समोर ठेवा. पहिल्यांदा जाणाऱ्याला त्या तारखेच्या ३० दिवसांपेक्षा आधी आत घेत नाहीत.

पासपोर्ट, आय-२०, सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी भरल्याची पावती, प्रवेशपत्र, कर्ज-मंजुरीपत्र आणि विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचा फोन नंबर हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. ‘नीट राहील’ म्हणून घरचे फाइल मोठ्या बॅगेत तळाशी घालतात, आणि ती बॅग तपासणी झाल्यावरच हाती येते. मोबाइलवरच्या प्रतींवर विसंबू नका. चार्जिंग ऐन वेळी संपतं.

मुंबईहून नेवार्क आणि पुढे डॅलस असा प्रवास असेल, तर तपासणी नेवार्कलाच होते. बहुधा तिथेच सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं. दोन विमानांत दीड तासच ठेवला, तर पुढचं विमान चुकण्याची भीती असते. स्वस्त तिकिटाच्या मोहात ही घाई ओढवून घेऊ नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

तपासणीच्या खिडकीशी बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. कुठे शिकणार, काय शिकणार, खर्च कोण करणार, राहणार कुठे, असे साधे प्रश्न विचारतात. उत्तर थोडक्यात आणि खरं द्या. वडील शेती करतात आणि शैक्षणिक कर्ज घेतलंय, तर तेवढंच सांगा. आकडे फुगवले की ते कागदांशी जुळत नाहीत. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगण्यात काहीच कमीपणा नाही.

वेगळ्या खोलीत बसवलं तर घाबरू नका. ती जादा चौकशी असते, अटक नव्हे. एखादा कागद कमी पडला, तर अधिकारी आय-५१५ए हा फॉर्म देऊन ३० दिवसांची मुदतही देऊ शकतो.

पुढे कस्टम्स, म्हणजे सामानाची तपासणी. भरिताची वांगी, केळी, कढीपत्ता आणि घरचा तांदूळ नेऊ नका. बिबडे, शेव, मसाला सहसा अडत नाहीत. तरी खाण्याचे पदार्थ आहेत, हे स्वतःहून सांगा. लपवलेलं सापडलं तर दंड होतो.

पोहोचल्यावर आपली आय-९४, म्हणजे प्रवेशाची ऑनलाइन नोंद, उतरवून घ्या. नाव बरोबर आहे का आणि वर्ग एफ-१ (म्हणजे विद्यार्थ्याचा) लिहिलाय का, ते तपासा. मग परदेशी विद्यार्थी कार्यालयात हजेरी लावा. अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत त्यांना आपली सेविसमधली नोंद चालू करावी लागते.