टाचेखालचं पेडल

भाताच्या खाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याच्या पायापाशी क्लच-ब्रेकखेरीज आणखी एक छोटं पेडल असतं. मागचं एक चाक चिखलात नुसतंच गरगरायला लागलं की तो ते टाचेने दाबतो. खालून ‘खट्’ असा आवाज येतो, दोन्ही चाकं एकमेकांना बांधल्यासारखी फिरू लागतात आणि ट्रॅक्टर पुढे सरकतो. बांधापाशी वळायच्या आधी तो पाय उचलतो. सगळं मिळून चार-पाच सेकंदांचं काम. पण तेवढ्यात त्याने तीन गोष्टी ठरवलेल्या असतात : चाकं कधी बांधायची, किती वेळ बांधायची आणि कधी सोडायची.

डोंगरवाटा तुडवणाऱ्या गाड्यांच्या मागच्या ॲक्सलमध्ये बसणारं ‘ऑटोमॅटिक लॉकिंग डिफरन्शियल’, म्हणजे बोलीतला ऑटो लॉकर, हे तिन्ही निर्णय चालकाच्या हातून काढून घेतं. असा लॉकर बसवायचा म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘मजबूत कोणता?’ माझ्या मते तो दुसरा प्रश्न झाला. पहिला असा : लॉक कधी मारायचं हे ठरवण्याची ज्याची पद्धत आपल्या रस्त्याला मानवेल, असा लॉकर कोणता?

आधी मुळात चाकं सुटी का ठेवावी लागतात ते पाहू. बैलगाडीला ही अडचण कधी आलीच नाही. तिची दोन्ही चाकं कण्यावर आपापली फिरतात, कारण ओढ चाकांतून येत नाही, जुवातून येते. मोटारीत मात्र इंजिनाला दोन्ही चाकं फिरवायची असतात आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. किती जास्त? मागच्या दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरा. गाडीने पूर्ण उलटं वळण घेतलं तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त धावतं. गंमत म्हणजे वळण गल्लीतलं असो की मैदानातलं, हा फरक तेवढाच राहतो. तो फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतो. थारसारख्या गाडीच्या टायरचा घेर साधारण २.४ मीटर. म्हणजे एका ‘यू टर्न’मध्ये बाहेरच्या चाकाचे जवळजवळ दोन फेरे जास्त होतात. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवली तर हे दोन फेरे टायर रस्त्यावर घासून वसूल होतील.

यावरचा तोडगा मोटारीपेक्षा जुना आहे. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं. मोठ्या क्राऊन चक्राबरोबर एक डबी फिरते, डबीत लहान दातेरी चक्रं असतात आणि ती दोन्ही बाजूंच्या ॲक्सलना जोर वाटून देतात. एक चाक हळू झालं की दुसरं तेवढंच जलद होतं. आपल्या गॅरेजांत ‘क्राऊन-पिनियनचं काम निघालं’ असं ऐकू येतं ना, तो याच घराण्याचा आजार.

या यंत्राची खोड अशी की ते कमालीचं न्यायी आहे. दोन्ही चाकांना ते नेहमी सारखाच जोर देतं आणि हाच न्याय चिखलात अन्याय होऊन बसतो. समजा मागच्या ॲक्सलवर एक टन भार आहे, प्रत्येक चाकावर पाचशे किलो. डावं चाक ओल्या चिखलावर आहे, तिथे पकड भाराच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे ५० किलोची. उजवं कोरड्या खडकावर आहे, तिथे पकड ३५० किलोची मिळू शकते. पण डावं चाक ५० च्या पुढे जोर घेऊच शकत नाही, ते घसरतं. आणि डिफरन्शियल सारखंच वाटणार म्हणून उजव्यालाही ५० च मिळतात. एकूण ओढ १००. दोन टनांच्या गाडीला एवढ्या ओढीने शंभर मीटरला पाच मीटरचा चढसुद्धा जेमतेम चढता येईल. आता दोन्ही चाकं बांधा. डाव्याचे ५० आणि उजव्याचे ३५० मिळून ४०० होतात, चौपट. डावं चाक हवेत लटकलं तर सुट्या डिफरन्शियलची ओढ सरळ शून्यावर येते. फोर बाय फोर गाडीही यातून सुटत नाही. पुढचं एक आणि तिरक्या कोनातलं मागचं एक चाक उचललं गेलं की चारही चाकांना जोर असूनही गाडी जागच्या जागी घुरघुरत राहते.

यावरचा पहिला उपाय मागच्या ॲक्सललाच का? चढावर भार मागे सरकतो म्हणून. गुरुत्वमध्य जमिनीपासून पाऊण मीटरवर आणि पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर धरलं, तर वीस अंशांच्या चढावर दोन टनांच्या गाडीचा सुमारे दोनशे किलो भार पुढून मागे जातो. जिथे भार जास्त तिथे पकड जास्त. शिवाय पुढच्या ॲक्सलचं लॉक लागलं की स्टिअरिंग जड होतं आणि गाडी वळायला कुरकुरते.

आता मूळ निवडीकडे येऊ. ऑटो लॉकरची दोन घराणी आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकांच्या उलट आहेत.

पहिलं घराणं डेट्रॉइट लॉकरचं. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी वाहनांच्या निमित्ताने ते पुढे आलं. तेव्हा त्याचं नाव ‘नो-स्पिन’ होतं, आता ते ईटन कंपनीकडे आहे. याच्या डबीत लहान दातेरी चक्रं नसतातच. मधल्या कड्याला दोन्ही बाजूंना चौकोनी दाते आणि त्यांत अडकणाऱ्या, स्प्रिंगने दाबून धरलेल्या दोन चकत्या. सरळ रस्त्यावर दोन्ही अडकलेल्या, म्हणजे ॲक्सल कायमचं बांधलेलं. वळणावर बाहेरचं चाक क्राऊनपेक्षा जलद धावायला लागलं की त्याची चकती दात्यांवरून वर चढून सुटते आणि सगळा जोर आतल्या चाकावर येतो. नियम एकच : चाकाला क्राऊनपेक्षा जलद फिरण्याची मुभा आहे, जोर चालू असताना हळू फिरण्याची नाही. थोडक्यात, हा गडी बांधलेलाच जन्माला येतो आणि गरजेपुरता सुटतो.

खडकावर याला तोड नाही. चाक घसरायची वाटच तो पाहत नाही. पण डांबरावर? पार्किंगमध्ये वळताना खालून टकटक ऐकू येते, कधी सुटलेली चकती परत बसताना ‘धाड्’ होतं, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गाडी मोडली असंच वाटतं. टायर लवकर झिजतात. हे सगळं चालून जाईल. काळजीची गोष्ट वेगळी आहे. ओल्या घाटात वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर दिला की सगळा जोर एकट्या आतल्या चाकावर येतो. ते घसरलं की पुढच्या क्षणी दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. आखूड गाडीत हा झटका जास्त जाणवतो. आषाढात ताम्हिणी किंवा आंबोलीचा घाट रोज उतरणाऱ्याने हे गणित दोनदा मांडावं.

याच घराण्यातला एक धाकटा भाऊ आहे. अमेरिकेत त्याला ‘लंचबॉक्स लॉकर’ म्हणतात. जेवणाच्या डब्यात मावेल एवढाच तो असतो. मूळ डबी तशीच ठेवून आतली लहान चक्रं काढायची आणि हा बसवायचा. क्राऊन-पिनियनची जुळणी हलत नाही, त्यामुळे मजुरी वाचते. मात्र डबी जुनीच राहते, म्हणजे ताकदही जुन्या डबीएवढीच.

दुसऱ्या घराण्याचा मूळपुरुष १९७३ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत ‘जी-८०’ या सांकेतिक नावाने मिळू लागलेला ईटनचा लॉकर. त्याचं तत्त्व आपल्याकडच्या वाचकांना अनोळखी नाही; महिंद्राच्या नाशिकला बनणाऱ्या थारच्या काही प्रकारांत मागच्या ॲक्सलला ईटनचंच मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल येतं. हा गडी सुटाच जन्माला येतो. डबीत एक नखाएवढ्या वजनांचा छोटा गव्हर्नर असतो. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की वजनं बाहेर फेकली जाऊन एका खुंटीत अडकतात, त्याने उतरत्या कडांची एक चकती अडते, क्लचच्या पट्ट्या आवळल्या जातात आणि दोन्ही चाकं पूर्ण बांधली जातात. पण गाडी ताशी तिसेक किलोमीटरच्या पुढे असेल, तर दुसरी वजनं ती खुंटीच बाजूला सारतात. लॉक लागत नाही. ना तार, ना सेन्सर, ना संगणक. घड्याळजीने लावलेल्या शोधाला शोभेलसा घड्याळी न्याय.

शंभर फेऱ्या म्हणजे किती? एक चाक जागेवर आणि दुसरं मिनिटाला शंभरने फिरतंय असं धरा. गिअरबॉक्सवरून चालणारा स्पीडोमीटर दोन्ही चाकांची सरासरी दाखवतो, म्हणजे पन्नास फेऱ्या : ताशी साधारण सात किलोमीटर. काटा सातच्या आसपास येईपर्यंत एकसारखा, हलका पाय ठेवायचा की लॉक लागतं. इथे बरेच जण उलट करतात. आधी घाबरून पाय काढतात, मग चिडून पूर्ण दाबतात. चाक तुफान फिरतं आणि त्या वेगात लॉक लागताना सगळा धक्का दात्यांवर येतो. अमेरिकेत या यंत्राला ‘गव्ह-बॉम्ब’ असं टोपणनाव पडलं ते उगाच नव्हे. दोन पावसाळ्यांपूर्वी मित्राच्या गाडीत बसून मीही हेच केलं होतं. खालून आलेल्या आवाजाने आमची बोलती बंद झाली. सुदैवाने काही तुटलं नाही.

याचा खरा दोष असा की तो घसरल्यानंतर जागा होतो. फिरायला लागलेल्या चाकाची पकड थांबलेल्या चाकापेक्षा कमीच असते, आणि वाळूत किंवा चिखलात तेवढ्या वेळात ते खड्डाही खणून ठेवतं. चढावरच्या ओल्या कातळावर तो एक झटकाही महागात पडू शकतो.

मग हातानेच लॉक मारणारे परवडले, असं कुणी म्हणेल. बरोबरही आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे हाताने मारायचं लॉक असतं, ऑस्ट्रेलियन एआरबीचं लॉक हवेच्या दाबाने लागतं. ज्याला वाट आधी वाचता येते त्याला यासारखं दुसरं नाही. पण गाडी घरातले तिघं-चौघं चालवत असतील तर बटण कुणी कधी दाबायचं याचा भरवसा नसतो, आणि कोरड्या डांबरावर लॉक तसंच राहून गेलं तर गाडी वळणावर सरळ जाऊ पाहते.

संगणकाने घसरत्या चाकाचा ब्रेक दाबण्याची युक्तीही आता अनेक गाड्यांत आहे. ट्रॅक्टरवाले डाव्या-उजव्या वेगळ्या ब्रेकने हे किती काळापासून करत आले आहेत! पण वर मांडलेल्या हिशेबात उजव्या चाकाला ३५० मिळवून द्यायचे तर डाव्या बाजूलाही ३५० द्यावे लागतात. त्यातले ५० चिखल घेतो आणि ३०० ब्रेक खातो. अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या अडचणीला ठीक. लांब चढावर ब्रेक तापतात.

लॉकर कोणताही घ्या, दोन गोष्टी सोडू नका. बांधलेल्या ॲक्सलमध्ये कधीकधी सगळा जोर एकाच हाफ शाफ्टवर येतो. मोठे टायर आणि मूळचे बारीक शाफ्ट असतील तर आधी शाफ्ट बदला, मग लॉकर. आणि एका बाजूला कललेल्या निसरड्या वाटेवर लॉकरवर भिस्त ठेवू नका. सुटं डिफरन्शियल असताना एक चाक फिरतं आणि दुसरं गाडीला बाजूला घसरू देत नाही; बांधलेली दोन्ही चाकं एकदम फिरली की बाजूची पकडही जाते आणि गाडीचा मागचा भाग दरीकडे सरकतो.

माझा कौल मागाल तर : गाडी वर्षातले बहुतेक दिवस डांबरावर आणि चार-सहा शनिवार-रविवार डोंगरात जाणार असेल, तर सुटाच जन्मणारा, गव्हर्नरवाला घ्या आणि पाय हलका ठेवायला शिका. गाडी फक्त खडकांसाठी राखून ठेवलेली असेल, तर डेट्रॉइट. जुनी गाडी घेताना मात्र एक लक्षात ठेवा. मागची चाकं स्टँडवर उचलून, गिअर टाकून एक चाक हाताने सावकाश फिरवलं आणि दुसरं उलट फिरलं, तर ‘यात लॉकर नाही’ असा निकाल लगेच देऊ नका. गव्हर्नरवाला लॉकरही सावकाश फिरवल्यावर अगदी तसाच वागतो.