कॉफीचं दळण

गेल्या वर्षी मंडळाच्या काव्यवाचनाला आम्ही चौघींनी मोठ्या हौसेनं कॉफी केली होती. वर्गणी काढून फ्रेंच प्रेस घेतला, दुकानातून फिल्टर कॉफीची पूड आणली आणि बारा जणांना कप भरून दिले. एकानंही कप संपवला नाही. तळाला चिखल, तोंडात कडूपणा! त्यात दट्ट्या खाली जाईना म्हणून मी जोर लावला, तर गरम कॉफी उसळून हातावर आली. हात आठवड्यात बरा झाला, पण चुकलं कुठं हे कळायला फार दिवस लागले. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाचा हात भाजू नये म्हणून हे लिहितेय.

प्रेस म्हणजे काचेचं उंच भांडं आणि जाळी बसवलेला दट्ट्या, बस्स. १८५२ साली पॅरिसमध्ये दोघांनी अशा दट्ट्याचं पेटंट घेतलं. भांड्याला घट्ट बसणाऱ्या जाळीचा, आजच्यासारखा प्रेस मात्र १९२९ साली इटलीत पेटंट झाला. आपल्या स्टीलच्या फिल्टरमध्ये पाणी पुडीतून थेंबथेंब झिरपतं, म्हणून तिथं बारीक पूड लागते. प्रेसमध्ये पूड चार मिनिटं पाण्यात बुडूनच असते. ती बारीक असली तर कडवट अंश भराभर उतरतो, कण जाळीतून कपात येतात आणि उरलेले जाळीच बुजवतात. मग दट्ट्या अडतो. माझा हात भाजला तो यामुळं.

मग जाडसर पूड घ्यायची, इतकंच ना? मलाही तसंच वाटलं. बिया आणून मिक्सरमध्ये फिरवल्या. चव तरी बिघडलीच. का, ते सुट्टीत गावी गेल्यावर आज्जीनं सांगितलं. "अगं, मिक्सर दळत नाही, तोडतोय. जात्यासारखं कसं होईल ते?" पातं बी सापडेल तशी फोडतं, त्यामुळं अर्धं पीठ आणि अर्धे तुकडे. पिठातून कडूपणा येतो, तुकड्यांतून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात. जात्यात दोन तळ्यांमधलं अंतर ठरलेलं असतं. दाणा त्या फटीएवढा झाल्याशिवाय बाहेर पडत नाही. आज्जी भरडा काढताना मधल्या खुंटीवर चिंधी घालून वरची तळी जरा उचलायची. कॉफीचा हातग्राइंडर म्हणजे हेच जातं, फक्त मुठीत मावणारं. आत दातेरी शंकू असतो, त्याभोवती दातेरी कडं. दोन्हींतली फट स्क्रूनं कमी-जास्त करायची.

ग्राइंडर घेताना एक गोष्ट नक्की बघा. मधला दांडा हातानं हलवून पाहा. स्वस्त ग्राइंडरमध्ये तो एकाच ठिकाणी धरलेला असतो. बारीक दळताना ते खपून जातं. पण फट मोठी केली की शंकू डगमगतो आणि जाड दळण उंचसखल येतं. प्रेसला तर जाडच दळण हवं! दांडा वर आणि खाली दोन्हीकडं बेअरिंगमध्ये बसलेला असेल तर चार पैसे जास्त गेले तरी घ्या. पैसे कमी असतील तर प्रेस साधा घ्या, ग्राइंडर चांगला.

आता कृती. चिकमगळूर-कोडगूच्या बिया आपल्याकडं सहज मिळतात. दुकानदाराला "दळू नका, चिकोरी नको" असं आधीच सांगा. दळल्यावर वास झपाट्यानं उडतो, म्हणून लागेल तेवढंच आणि लागेल तेव्हाच दळा. दळण इडली रव्याएवढं जाड हवं. एका कपाला १५ ग्रॅम पूड, २४० मिलिलिटर पाणी. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबा. बेळगाव उंचावर असल्यानं इथं ते शंभर अंशांच्या आधीच उकळतं, जास्त थांबायला नको. पाणी ओतून ढवळा, चार मिनिटं झाकून ठेवा, मग दट्ट्या सावकाश दाबा. अडला तर जोर करू नका, थोडा वर घेऊन पुन्हा खाली न्या. दाबल्यावर सगळी कॉफी लगेच कपांत ओता, कारण भांड्यात राहिली तर ती आणखी कडू होत जाते. शेवटचा घोट गाळासाठी सोडायचा.

एक सावधगिरी. जाळीतून कॉफीचं तेल कपात येतं, जे कागदी गाळणीत अडकतं. त्यातल्या कॅफेस्टॉल नावाच्या घटकानं कोलेस्टेरॉल वाढतं. घरात कुणाला तो त्रास असेल, तर त्यांना रोज प्रेसची कॉफी देऊ नका. चोथा बेसिनमध्ये न टाकता कुंडीतल्या मातीत मिसळा. ग्राइंडरचे स्टीलचे दाते पाण्यानं धुवू नका, गंजतात. कोरड्या ब्रशनं झाडा.

यंदाच्या काव्यवाचनाला पुन्हा कॉफी असेल. लिटरभर कॉफीला साठ-बासष्ट ग्रॅम पूड लागते आणि माझ्या ग्राइंडरमध्ये एका वेळी वीसच ग्रॅम मावतं. म्हणजे दर भांड्याला तीन दळणं, आणि बारा जणांसाठी दोन भांडी. तेव्हा ठरलं असं, की ज्याला कविता वाचायची आहे त्यानं आधी एक दळण काढायचं. आज्जीला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बरोबर आहे की! आम्ही दळतानाच ओव्या म्हणायचो."