दोरी आणि साखळी

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव हे तालुक्याचे ठिकाण असले तरी तेथे रेल्वे नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या नियोजित मार्गापैकी वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी खुला झाला, परंतु मुंबईस जाणारा महागावकर अजूनही बहुधा नागपूर–तुळजापूर महामार्गाने एस.टी.तून नांदेड गाठतो आणि तेथे नंदिग्रामसारख्या एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात, म्हणजे आरक्षणाविना बसता येणाऱ्या डब्यात, शिरतो.

त्याची उतरण्याची सवय एस.टी.ने घडवलेली असते. एस.टी.त उतरणे हा प्रवासी आणि वाहक यांच्यातील व्यवहार आहे: वाहक गावाचे नाव पुकारतो, दोरी ओढून एक घंटी देतो तेव्हा गाडी थांबते, आणि प्रवाशाचे गाठोडे खाली उतरल्याशिवाय निघण्याची दुसरी खूण, म्हणजे दोन घंट्या, सहसा दिली जात नाही. रेल्वेत हा वाहक नसतो. साखळी असते, ती ओढल्याने ब्रेकच्या नळीतील हवेचा दाब घटून गाडी थांबते, मात्र पुरेशा कारणाविना ती ओढणे हा १९८९च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा ठरतो. शिवाय ती येथे निरुपयोगीच आहे, कारण गाडी थांबत नाही ही अडचण नसून, थांबलेल्या गाडीच्या दारापर्यंत पोहोचता येत नाही ही खरी अडचण असते.

जनरल डब्याची दारे दोन्ही टोकांना असल्याने मधल्या बाकावरच्या माणसाला जेमतेम दहा-बारा मीटर जायचे असते, पण त्या वाटेत माणसे फरशीवर बसलेली, पोती आडवी टाकलेली आणि संडासाच्या दारातही कोणी टेकलेले असते, त्यामुळे पाऊल उचलण्यापूर्वी ते ठेवायचे कोठे हे शोधावे लागते. येथे एक गोष्ट ध्यानात येते: बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून चार जण उठले की वाट आपोआप फुटते, मात्र मध्यरात्री त्यांना उठवायचे तर आवाजात आर्जव लागते, हुकूम चालत नाही. सामान डोक्यांवरून हातोहात दाराकडे जाते खरे, पण ते फलाटावर आणि मालक आत अशी ताटातूट होऊ नये म्हणून मुरलेली कुटुंबे आधी एक जाणता माणूस दाराशी धाडतात, मग बोचकी, मग लेकरे, आणि शेवटचा माणूस बाकाखाली नजर टाकून निघतो. दारात चढणाऱ्यांचा लोंढा समोरून येतो, तो वेगळाच.

मुंबईच्या लोकलमध्ये हेच काम अर्ध्या मिनिटाच्या आत उरकावे लागते, आणि ऐन गर्दीत तेथे एका चौरस मीटरवर चौदा ते सोळा माणसे उभी असतात. म्हणून उतरण्याची तयारी दोन-तीन स्टेशने आधीच सुरू होते. पुढच्या माणसाला “दादर?” एवढेच विचारले जाते, त्याने मान हलवली तर त्याच्यामागे राहायचे, नाही तर अंग चोरून त्याच्याशी जागा बदलायची. पाठीवरची पिशवी छातीशी येते, फलाट कोणत्या बाजूला येणार हे पाठ असते, आणि दाराच्या मधल्या खांबाने गर्दीचे दोन प्रवाह केल्यावर उरलेले काम मागचा रेटा करतो. उतरायचे नसलेला दारातला माणूस क्षणभर फलाटावर उतरून इतरांना वाट देतो आणि पुन्हा चढतो. ही शिस्त कोणत्याही सूचनाफलकाने शिकवलेली नाही. याउलट विरार फास्टमध्ये, म्हणजे विरारला जाणाऱ्या जलद लोकलमध्ये, आधीच्या बोरिवलीच्या प्रवाशाला दाराशी अडवून उतरूच न देणे, याला मात्र सोयीच्या नावाखाली चालणारी दांडगाईच म्हणावे लागेल.

कल्याणला उतरणाऱ्या महागावकराने गाडी घाट उतरली आणि कसारा मागे पडला, की चपला शोधायला लागावे.