कोलाडच्या वाटेवरचा महाभोज

कोलाड म्हटलं की आता राफ्टिंग. भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेलं पाणी सकाळी कुंडलिकेत उतरतं आणि मुंबई-पुण्याची मंडळी लाइफजॅकेट चढवून त्यावर स्वार होतात. भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेणारी कोकण रेल्वेची रो-रो सेवाही १९९९ साली इथूनच सुरू झाली. एकूण गाव पुढे जाणाऱ्यांचं.

राफ्टिंग आटोपलं की उरलेल्या दिवसाचं काय, तर कुडा. महामार्गाने इंदापूर गाठायचं आणि तळा गावाच्या रस्त्याने मांदाडकडे उतरायचं. राजपुरी खाडीवरच्या डोंगरात कुड्याची २६ बौद्ध लेणी आहेत, दात्यांच्या कोरीव लेखांसह. सातवाहनकाळात या मुलखावर मांदव घराण्याची सत्ता होती, पदवी महाभोज. टॉलेमीने नोंदवलेलं मंदगोर बंदर म्हणजे हेच मांदाड, असं बरेच अभ्यासक मानतात.

तिकडे रोममध्ये सिनेटरांना आपली कारकीर्द दगडावर मांडायची भारी हौस. इ.स. १०० मध्ये कॉन्सल झालेल्या धाकट्या प्लिनीच्या शिलालेखात एकूणएक पदं आहेत, शिवाय कोमो गावाला दिलेल्या देणग्यांचे आकडेही. कुड्याला तसलं काही शोधायला जाल तर हात हलवत परत याल. महाभोज मांदव स्कंदपालिताने काय जिंकलं, किती वर्षं राज्य केलं, अक्षर नाही. तो महाभोजी विजयेचा मुलगा, एवढंच कळतं. बापाचं नाव लेखात नाहीच. आणि हेसुद्धा त्याने स्वतः सांगितलेलं नाही. ते आलंय त्याचा लेखक, म्हणजे चिटणीस, शिवभूती याच्या दानलेखात. मालकाचं नाव चिटणिसाची ओळख पटवण्यापुरतं!

सहावं लेणं शिवभूतीच्या धाकट्या भावाचं, शिवमचं. तिथला लेख सावकाश समजून घ्यावा. लेणं शिवम आणि त्याची बायको विजया यांचं. दगडातलं मूर्तिकाम चार मुलांच्या नावे. खांब मात्र मुलींचे: सपा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता. धन्याची बखर हरवली, पण कारकुनाच्या घरची शिरगणती शाबूत आहे. मला तरी हा सौदा तोट्याचा वाटत नाही.

इतर दात्यांत वैद्य आहे, माळी आहे. एक लेणं कऱ्हाडच्या महिकाचं. हा लोखंडाचा व्यापारी. सह्याद्री उतरून खाडीपर्यंत त्याची ये-जा असणार. घाट आणि बंदर यांच्यातल्या व्यवहाराची साक्ष महाभोजापेक्षा त्याच्याकडेच जास्त आहे.